मंगळवारची पाहुणी

खोकं पोचलं हे सांगायला थोरल्या बहिणीनं शनिवारी संध्याकाळी फोन केला आणि नेहमीसारखी आत काय काय निघालं त्याची यादी म्हणायला लागली. तिकडं गावी, इलोईलोत, तेव्हा रविवारची सकाळ होती, मागं कोंबडा ओरडत होता. एडेलिना तळघरातल्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि नखांना रंग लावता लावता हूं हूं करत होती. साबणाच्या वड्या, डबाबंद मांस, टॉवेल, जोनालिनचे बूट एक नंबर मोठे आले पण पोरगी वाढतेच आहे, शाम्पू या वेळी सांडला नाही, देवाची कृपा. "आणि तो तपकिरी लिफाफा कुणाला द्यायचा गं?" नेल्दा म्हणाली. "त्यावर इंग्रजीत पत्ता आहे, सरकारी दिसतोय. मी काही फोडलाबिडला नाही हो. सांतो निन्योच्या मूर्तीच्या पायाशी ठेवलाय, वर रुमाल घातलाय. कॅनडाच्या सरकारचा कागद आपल्या घरात, म्हणजे शुभच की!"

एडेलिनाचा हात करंगळीवर थांबला. "कुठला लिफाफा, मनांग?" तिनं थोरलीला विचारलं. कुठला ते तिला त्याच क्षणी कळलं होतं. विचारलं ते फक्त उत्तर यायला जरा उशीर व्हावा म्हणून. ऑगस्टमध्ये दोन रविवार बसून तिनं तो अर्ज भरला होता. कामाचा परवाना चार ऑक्टोबरला संपत होता. त्याआधी अर्ज कचेरीत पोचला की उत्तर येईपर्यंत इथं राहता येतं, काम करता येतं, असा कायदा होता. आज चोवीस ऑक्टोबर होती. म्हणजे गेले वीस दिवस म्हाताऱ्या मालकिणीला, मिसेस कास्कला, उठवणं, आंघोळ घालणं, तिच्या पायाला मलम चोळणं, हे सगळं तिनं बिनदिक्कत केलं होतं, आणि कागदापुरतं बोलायचं तर ती या देशात नव्हतीच. या छोट्या अर्जाच्या मागं मोठा अर्ज उभा होता, कायमचं राहू देण्याचा, चौदा महिने कुठल्याशा टेबलावर पडलेला. त्यात तिच्या नावाखाली तिच्या मुलीचं, जोनालिनचं नाव होतं. छोटा गेला की मोठाही जाणार. नेल्दा पलीकडं नूडल्सच्या पाकिटांवर आली होती. "मनांग," एडेलिना म्हणाली, "तो रुमाल राहू दे. तिथंच असू दे त्याला."

दोष तसा कुणाचाच नव्हता. खोकं भरायचा एक नियम आहे आणि तो इथल्या प्रत्येक बाईच्या हाडात मुरलेला आहे: पोकळी ठेवायची नाही. भाडं खोक्याचं असतं, वजनाचं नसतं. म्हणून बुटात मोजे, मोज्यात चॉकलेटं, आणि कोपऱ्यात बोटभर जागा उरली तर तिथं टूथब्रश. सहा सहा महिने खोकं पलंगाशेजारी तोंड उघडून उभं असतं, आणि घरी जायची वस्तू त्याच्या झाकणावर ठेवायची अशी रीत. एडेलिनानं लिफाफा झाकणावर ठेवला, सोमवारी पोस्टात टाक असं खोलीतल्या बेबीला सांगितलं आणि मालकिणीकडं कामाला गेली. शुक्रवारी परतली तर खोकंही गेलं होतं आणि लिफाफाही. टाकला असेल, असं ती धरून चालली. बेबी ही पन्नाशी उलटलेली, चष्मा लावायला लाजणारी बाई. तिनं रविवारी गाडीवाला दारात हॉर्न वाजवत असताना शेवटची फट बघितली आणि हाताला लागलेला लिफाफा तिच्यात सारला.

"उलटा पडला होता गं तो," बेबी आता हुंदके देत म्हणाली. "मला वाटलं पोरीच्या शाळेचे कागद. सोमवारी लिफाफा दिसला नाही, तर वाटलं तूच टाकलास. मी तुझा सत्यानाश केला. मार मला, हाण चपलेनं."

"चप्पल कुठली, बाहेर थंडी पडलीय. बूट घ्यावा लागेल," एडेलिना म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि मग बेबी आणखी जोरात रडली. तिला कवेत घेऊन थोपटताना एडेलिना स्वतःच्या आत राग शोधत होती. तो कुठंतरी असणारच होता. पण हाताला लागत होतं ते भलतंच काहीतरी, सोमवारची सुट्टी मिळाल्यासारखं. तिनं ते घाईनं पुन्हा आत लोटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये तिनं ओफेलियाबाईंना गाठलं. या बाई गावाकडं वकिलाच्या हाताखाली होत्या आणि इथं दर रविवारी सगळ्यांचे फॉर्म फुकट वाचून देत. त्यांनी सगळं ऐकलं, हनुवटी खाजवली. "तीस वर्षांत हे नव्हतं ऐकलं," त्या म्हणाल्या. "कुत्र्यानं खाल्लेला अर्ज ऐकला, नवऱ्यानं जाळलेला ऐकला. समुद्रानं घरी गेलेला पहिलाच. बरं, ऐक. परवाना संपल्यापासून नव्वद दिवस. त्यातले एकवीस गेले. इथं राहण्याचा गेलेला दर्जा परत द्या म्हणून अर्ज करायचा, काय झालं ते खरं खरं लिहायचं. हे दिवस न कळत काम केलंस तेही लिहायचं. चूक ते समजून घेतात, कधी कधी. पण उद्यापासून एक दिवस जरी काम केलंस, तर ते मुद्दाम. मग मी काय, पोपसुद्धा तुला वाचवू शकत नाही. आणि अर्जावर मालकीण म्हणून कुणाचं नाव?"

"मिसेस कास्क. हेल्मी कास्क."

"तिला म्हणावं धडधाकट राहा. ती घरात आहे तोवर तुझं काम आहे, आणि काम आहे तोवर हा अर्ज आहे."

सोमवारी तिनं नवा अर्ज स्वतःच्या हातानं पोस्टात टाकला आणि मिसेस कास्कच्या घरातली आपली खोली रिकामी केली. चार वर्षांचा संसार दोन पिशव्यांत मावला. आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती तळघरातल्या खोलीत एकटी बसली होती, जिथं ती आजवर फक्त शनिवार-रविवार राहिली होती. आठवड्याच्या मधल्या दिवशी ही खोली कशी असते ते तिला ठाऊकच नव्हतं. वर छताजवळच्या खिडकीतून सव्वानऊला ऊन यायचं, भिंतीवरून सरकत चुलीपाशी पोचायचं, अकराला जायचं. इतकी वर्षं ते रोज येऊन जात होतं आणि घरी कुणीच नव्हतं. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे घोटे दिसायचे. तिनं भात टाकला, सुकी मासळी तळली, दार उघडून वास बाहेर घालवला आणि मग मुद्दाम सावकाश, हातानं, पाय दुमडून जेवली. जेवताना कुणी हाक मारली नाही. शेवटचा घास होईपर्यंत तिचा कान आपोआप पलीकडच्या खोलीकडं लागलेला होता, आणि पलीकडं खोली नव्हती, भिंत होती. अशा वेळी माणसानं काळजीनं झुरायचं असतं, नखं खायची असतात. तिनं थोडी काळजी करूनही पाहिली: जोनालिनचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, विमानतळावरचे पोलीस आणले. भीती वाटली, खरी वाटली, पण ती विरली की खाली पुन्हा तेच निवांत पाणी. लहानपणी गिमारासच्या बेटावर वादळाचा सिग्नल लागायचा तेव्हा असं व्हायचं. दोन नंबरचा सिग्नल म्हणजे होड्या बंद, शाळा बंद. धक्क्यावर माणसं अडकून बसायची. कुणाचं लग्न पलीकडं, कुणाचा खटला, बापाच्या आंब्यांच्या पाट्या तिथंच पिकत पडलेल्या. पण तासाभरानं कुणीतरी उकडलेल्या शेंगा काढायचं, पत्ते निघायचे, आणि ज्याचं सर्वात जास्त नुकसान तोच सर्वात मोठ्यानं हसायचा. वारा पडेपर्यंत कुणाकडून काही होण्यासारखं नव्हतं, आणि ते सगळ्यांना एकदमच कळलेलं असायचं. बाप पाटीतला सर्वात पिकलेला आंबा काढून तिला द्यायचा. एरवी तो आंबा कधी मुलांना मिळायचा नाही, तो विकायचा असायचा. आता भांडी घासता घासता तिच्या मनात आलं, एकोणचाळीसाव्या वर्षी आपल्याला पुन्हा सिग्नल लागलाय. आणि हे सुख आपण कुणाजवळ बोलून दाखवायचं नाही, लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं.

जोनालिनला मात्र सांगावं लागलं. पंधरा वर्षांच्या मुलीपासून लपत काहीच नाही.

"नानाय, म्हणजे तू आता बेकायदा आहेस?" पोरगी फोनवर जवळजवळ कौतुकानं म्हणाली. "पोलीस आले की कपाटात लपतेस का?"

"कपाटात बेबीचे कोट आहेत. मी नाही मावत."

"खरं सांग ना."

"बेकायदाही नाही आणि कायद्यातही नाही. मधे आहे."

"म्हणजे माझ्या वर्गात मी आहे तशी," जोनालिन म्हणाली. "पास नाही, नापास नाही." आणि मग गणिताच्या बाईंचं, मैत्रिणीशी झालेल्या अबोल्याचं, एका मुलाचं, ज्याचं नाव ती सांगणार नव्हती आणि जे तिनं तिसऱ्या वाक्यात सांगून टाकलं. एडेलिना ऐकत राहिली. आजवर त्यांच्या फोनला एक ठरलेला साचा होता: खोक्यात काय पाहिजे, बूट कितीचा, मावशीचं ऐकतेस ना. दिवसभर दुसऱ्याच्या आईची विचारपूस करून आल्यावर पोटच्या पोरीला विचारायला तिच्याकडं शब्दच उरायचे नाहीत, हे आज, एक तास बोलून झाल्यावर, तिच्या प्रथम लक्षात आलं. मुलीचा आवाज खालच्या पट्टीत गेला होता. केव्हा गेला? "नानाय, आज तू काय केलंस?" मुलीनं शेवटी विचारलं, आणि हा प्रश्नही दोघींमध्ये नवा होता. "काही नाही," ती म्हणाली. "उन्हात बसले." "छान," जोनालिन म्हणाली, मोठ्या बाईसारखी.

पुढच्या आठवड्यापासून दर मंगळवारी ती मिसेस कास्ककडं पाहुणी म्हणून जायला लागली. पाहुणी हा शब्द म्हातारीचाच. सत्त्याऐंशी वर्षांची ही एस्टोनियन बाई कमरेत वाकली होती, हात थरथरत होते, पण तोंड शाबूत होतं. सकाळी दोन तास कुणी बदली बाई येऊन आंघोळ आटपून जाई. बाकी दिवस ती एकटी असे. पहिल्या मंगळवारी एडेलिनानं दारात पाऊल टाकताच सवयीनं सिंककडं धाव घेतली, तेव्हा म्हातारी गरजली, "खबरदार! पाहुण्या बायका भांड्यांना हात लावत नाहीत. बस तिथं."

"मिसेस कास्क, दोन कप तर आहेत."

"दोन कपांवरून माणसं देशाबाहेर घालवतात. मला विचार. लढाईनंतर मी चार वर्षं जर्मनीत छावणीत होते. ना इथली, ना तिथली. नाव विचारलं की आधी नंबर सांगायचे." ती खुर्चीच्या पाठीला धरत धरत टेबलाशी आली. "आणि तुला सांगते एडा, माझ्या मुलालाही हे सांगितलेलं नाही: बरी होती ती वर्षं. आम्ही गाणी म्हणायचो, डब्यांत टोमॅटो लावायचो. पुढं कागद मिळाला, घर मिळालं, आणि मग जी कामाला जुंपले ती पासष्टाव्या वर्षापर्यंत मान वर केली नाही."

एडेलिनाला एकदम रडू फुटलं. काळजीनं जे आलं नव्हतं ते आता आलं. आपल्या आतलं ते लाजिरवाणं सुख दुसऱ्या कुणाच्या तोंडून, आणि तेही इतक्या सहज, ऐकू येईल असं तिला वाटलं नव्हतं. म्हातारीनं तिच्याकडं कागदी रुमालाचा डबा ढकलला. "रड. रडणं हे काम नव्हे," ती म्हणाली.

पण नोव्हेंबर अर्धा झाला तेव्हा युहान आला, म्हातारीचा मुलगा, साठीचा, सज्जन, दमलेला. वसंतात आई न्हाणीघरात पडली होती तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. त्यानं एडेलिनाला पोर्चमध्ये बोलावलं. "हे बघ, असं फार दिवस चालायचं नाही," तो म्हणाला. "तू परत ये. रोख देईन, कुठं लिहायला नको. चार भिंतींच्या आत कोण बघतंय? नाहीतर वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होतेय, एक तारखेला मला हो का नाही सांगायचंय. मला आवडत नाही, पण ती पुन्हा पडली तर?"

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. परत गेली तर ते काम. ते काम उघडकीला आलं की दोन्ही अर्ज गेले, जोनालिन गेली. नाही गेली तर म्हातारी आश्रमात, मग मालकीणच नाही, आणि अर्ज तरीही गेला. हे असं स्पष्ट दिसत असताना तिला जास्त छळत होतं ते तिसरंच: तिला परत जायचं होतं. तिच्या हातांना जायचं होतं. म्हातारीची पावलं कोमट पाण्यात धरायला, त्या निळ्या शिरांवरून अंगठा फिरवायला. चार वर्षं जे ओझं वाटलं होतं ते आता हात मागत होते. कोण बघतंय? खरंच कुणी बघत नव्हतं. इथल्या कितीजणी असं करत होत्या आणि बऱ्या होत्या. वीस दिवस तिनंही केलंच होतं, आणि आकाश कोसळलं नव्हतं. पण ते वीस दिवस न कळत झालेले होते, तेव्हा तिची झोप तिची होती. आता युहानला हो म्हटलं तर दारावरच्या प्रत्येक घंटेला दचकायचं, आणि भिंतीवरून सरकणारं ऊन पुन्हा कधी निवांत बघता यायचं नाही. बेबीनं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी नाही जायची. जे व्हायचं ते होवो." आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

तिनं युहानला नकार कळवला तो म्हातारीच्या समोरच. युहाननं सुस्कारा सोडला. "मग आई, तुझं सामान—"

"थांब," मिसेस कास्क म्हणाली. "तुला भीती कशाची आहे? मी पडेन याची. पुढच्या मंगळवारी ये. मी कॉफी करीन, ट्रे उचलून बैठकीच्या खोलीत आणीन, भिंतीला न धरता. आणला तर उन्हाळ्यापर्यंत तोंडातून आश्रमाचं नाव काढायचं नाही. सांडली तर तू सांगशील तिथं जाईन, निमूटपणे."

"आई, हा काय पोरखेळ?"

"माझं घर आहे, खेळ मी ठरवणार. आणि एडा, तूही ये. कॉफी पाहुण्यांसाठी करतात."

तेव्हा कुठं एडेलिनाच्या डोक्यात प्रकाश पडला. गेले तीन मंगळवार म्हातारी स्वतः कॉफी करत होती, आणि प्रत्येक वेळी कप मागच्यापेक्षा दोन पावलं लांब आणून ठेवत होती, आधी ओट्यावर, मग टेबलावर, मग टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. तिला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता. ही बाई सराव करत होती. चार वर्षं आपण हिला सांभाळलं असं एडेलिना समजत होती, आणि आता आधाराला काखेत हात घालायलाही आपल्याला मनाई असताना ही सत्त्याऐंशी वर्षांची हाडं आपल्यालाच सांभाळायला निघाली होती. तिला त्या रात्री झोप लागली नाही.

मंगळवारी बर्फ पडून गेलं होतं. युहान बैठकीच्या दारात उभा होता, हात कोटाच्या खिशात. एडेलिनाला सोफ्यावर बसवलं होतं. स्वयंपाकघरातून किटलीचा आवाज आला, कपाट उघडल्याचा, मग बराच वेळ कशाचाच नाही. मग मिसेस कास्क दारात आली. निळा ब्लाउज, ओठांना रंग, हातात ट्रे, ट्रेवर तीन कप. नेहमी एक असतो, सरावाला दोन होते, आज तीन. कप बशांवर आपटून किणकिणत होते. पहिलं पाऊल पडलं. एडेलिनानं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिला त्या शरीराचा इंच इंच पाठ होता: उजवा गुडघा चौथ्या पावलाला दगा देतो, गालिच्याच्या कडेला टाच अडते, वळताना डोळ्यांपुढं अंधारी येते. तिचे खांदे आपोआप पुढं होत होते आणि ती ते मागं ओढत होती. उठ, दोन ढांगा टाक, ट्रे घे, एवढंच. नुसतं बसून राहण्याइतकं कष्टाचं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. चौथ्या पावलाला गुडघा वाकला. ट्रे कलला, एका कपातली कॉफी काठावर आली. युहानचे हात खिशातून बाहेर निघाले. "जागचा हलू नकोस," म्हातारी त्याच्याकडं न बघता म्हणाली. ती गालिच्याच्या कडेशी थांबली, दम घेतला, टाच उचलून पलीकडं ठेवली, आणि वळताना डोळे मिटून घेतले. मग ट्रे टेबलाला टेकला, जरा जोरात.

बशा कोरड्या होत्या. युहान वाकून तिन्ही बशा बघत राहिला, आणि मग कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. "उन्हाळ्यापर्यंत," तो काचेला म्हणाला.

मिसेस कास्क सोफ्यावर एडेलिनाशेजारी कोसळल्यासारखी बसली. तिची छाती वरखाली होत होती, ओठांचा रंग दातांना लागला होता. एडेलिनाचे हात मांडीखालून निघाले, पांढरे पडलेले, मुंग्या आलेले, आणि कुठं जावं ते न कळून तसेच हवेत राहिले. म्हातारीनं त्यांतला एक ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"हे काम नाही ना?" एडेलिनानं विचारलं.

"तू सोडू नकोस, म्हणजे मी सांगते," मिसेस कास्क म्हणाली, आणि दुसऱ्या, थरथरत्या हातानं तिनं कप उचलून एडेलिनाच्या ओठांशी धरला.